डोक्यातलं दळण थांबत नाही: अतिविचाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी समुपदेशनाचं काम करते. कुणी पत्रातून विचारतं, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर, कुणी सत्र संपल्यावर चपला घालता घालता दारात थांबून. शब्द वेगळे असतात, पण सूर एकच असतो: डोकं बंदच होत नाही. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १४ वाचा.

१. मी फक्त विचारी माणूस आहे की अतिविचार करतोय, हे ओळखायचं कसं?

किती वेळ विचार केला यावरून ते कळत नाही, हाती काय लागलं यावरून कळतं. अर्धा तास विचार केल्यावर काही नवं सापडलं का? एखादा निर्णय, करायचा एखादा फोन, निदान "याला अजून आठ दिवस थांबू" एवढं तरी? सापडलं असेल तर तो विचार. पण तीच वाक्यं चौथ्यांदा येत असतील आणि उठताना आधीपेक्षा जड वाटत असेल, तर ते दळण. जात्यात दाणे घातले तर पीठ पडतं. दाणे नसताना जातं फिरवलं तरी आवाज तेवढाच येतो आणि हातही तेवढेच भरून येतात.

या दळणाचे दोन प्रकार असतात. एक मागचं: "तेव्हा मी असं का बोलले?" दुसरं पुढचं: "असं झालं तर?" मागच्याला मानसशास्त्रात जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ रवंथ असाच आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी १९९०च्या दशकापासून यावर काम केलं. मन खट्टू असताना "मलाच असं का होतं" हे उगाळत बसणाऱ्यांची उदासी जास्त काळ टिकते, असं त्यांना दिसलं. उगाळणाऱ्याला मात्र आपण प्रश्न सोडवतोय असंच वाटत असतं. म्हणूनच ते सुटत नाही.

२. माझं मन एक मिनिटही रिकामं बसत नाही. माझ्या मेंदूत काही बिघाड आहे का?

नाही. मेंदू असाच बनलेला आहे. हातात काम नसतं तेव्हा मेंदू बंद पडत नाही. काही ठरावीक भाग उलट जास्त सक्रिय होतात. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्कस रायकल यांनी २००१ मध्ये मेंदूच्या या स्थितीकडे शास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं. या भागांत आपण स्वतःबद्दल, आपल्या माणसांबद्दल, झालेल्या आणि होणाऱ्या गोष्टींबद्दल गोष्टी रचत असतो. पुढे २०१० मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २,२५० लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं, "आत्ता मन कुठे आहे?" ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. त्या वेळी लोक कमी आनंदीही होते.

भटकणं हा मनाचा स्वभाव आहे. आपल्याला एवढंच शिकायचंय की ते भटकताना दरवेळी आपण त्याच्यामागे धावायचं नाही.

३. सगळे म्हणतात "विचारच करू नकोस". मला ते का जमत नाही?

कारण ते कुणालाच जमत नाही. वैद्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल: औषध गुणकारी आहे, फक्त घेताना माकड आठवायचं नाही. झालं, रोग्याला आयुष्यभर ते औषध घेता आलं नाही. १९८७ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी हेच प्रयोगशाळेत केलं. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच तर घंटा वाजवायची. घंटा वाजत राहिली. नंतर "आता खुशाल विचार करा" म्हटल्यावर, आधी विचार दाबून ठेवलेल्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं.

एखादा विचार येऊ नये म्हणून मनाला पहारा ठेवावा लागतो, आणि पहारेकऱ्याला तो विचार सतत आठवत राहावाच लागतो. त्यामुळे घरच्यांनी "टेन्शन घेऊ नकोस" म्हटलं आणि तुम्हाला ते जमलं नाही, तर त्यात तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही. सल्लाच चुकीचा होता. (घरच्यांनी काय म्हणावं, ते प्रश्न १६ मध्ये.)

४. मग विचार आला की नेमकं करायचं काय?

विचार येणं आपल्या हातात नाही. त्याला उत्तर द्यायचं की नाही, हे आहे. उत्तर दिलं की तो पुढचा प्रश्न विचारतो. तुम्ही म्हणता "नाही, असं होणार नाही", तो म्हणतो "पण झालंच तर?" ही उलटतपासणी कितीही वेळ चालू शकते.

समजा, संध्याकाळी निघताना वरिष्ठ म्हणाले, "उद्या सकाळी जरा भेटा." घरी येईपर्यंत नोकरी गेलेली असते, घराचा हप्ता थकलेला असतो, सासरी सगळ्यांना कळलेलं असतं. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते हेच. इथे पहिलं काम, विचाराला विचार म्हणून ओळखायचं. "माझी नोकरी जाणार" या वाक्याच्या जागी मनात म्हणायचं, "माझी नोकरी जाणार असा विचार मला येतोय." शब्द तीन-चारच वाढले, पण आता तो विचार डोळ्याला लावलेल्या चष्म्यासारखा नाही, हातात धरलेल्या चष्म्यासारखा आहे. त्याच्याकडे बघता येतं. स्वतःला नावाने हाक मारून बोलल्यानेही असंच अंतर पडतं: "सुनीता, आत्ता नेमकं काय घडलंय?" मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. तणावाच्या प्रसंगाआधी "मी" न म्हणता स्वतःशी नावाने बोलणाऱ्यांना त्रास कमी झाला.

मग एकच प्रश्न विचारायचा: याबाबत आज, आत्ता मला काही करता येईल का? येत असेल तर त्यातलं सगळ्यात लहान पाऊल उचला. वरिष्ठांना मेसेज करून "उद्या कोणत्या विषयावर बोलायचंय? तयारी करून येते" असं विचारता येतं. हे पाच मिनिटांचं काम टाळून माणसं पाच तास जागतात. काहीच करता येण्यासारखं नसेल तर तो विचार कागदावर टिपून ठेवा आणि काळजीच्या वेळेसाठी राखून ठेवा. ती वेळ म्हणजे काय, ते पुढच्या उत्तरात.

५. काळजीसाठी ठरावीक वेळ ठेवायची, हे खरंच चालतं का? ऐकायला विचित्र वाटतं.

वाटतं खरं, पण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त लोकांना याचाच उपयोग झाला आहे. ही पद्धत नवी नाही. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ती मांडली. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. दिवसभरात काळजी आली की ती टिपायची आणि तिला सांगायचं, "तुला साडेसहाची वेळ दिली आहे." काळजी दाबायची नाही, पुढे ढकलायची. मनाला नकार पचत नाही, पण तारीख मिळाली की ते बऱ्यापैकी ऐकतं.

बँकेत काम करणाऱ्या एका ताईंनी मला त्यांची वही दाखवली होती. साधी दोनशे पानी, कोपरे दुमडलेले. मंगळवारच्या पानावर लिहिलं होतं: "११.२०, साहेब आज बोलले नाहीत. १.०५, सासूबाईंचा रिपोर्ट. ३.४०, मुलीच्या फीची शेवटची तारीख?" संध्याकाळी साडेसहाला त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ही वही घेऊन बसायच्या. तोवर पहिली ओळ खोडलेली असायची, कारण साहेबांचा घसा बसलेला होता. दुसरीपुढे लिहिलं होतं, "गुरुवारी मिळणार, तोपर्यंत काही नाही." तिसरीपुढे, "भरली." तिन्ही काळज्या दिवसभर डोक्यात सारख्याच मोठ्या होत्या. वहीत उतरल्यावर कळलं की एक खोटी होती, एकीला थांबायचं होतं आणि एक दहा मिनिटांचं काम होती.

दोन पथ्यं मात्र पाळा. ही वेळ झोपेच्या अगदी जवळ नको आणि जागा अंथरूण नको. वेळ संपली की उठायचं, भाजी चिरायची, खाली चक्कर मारायची. पहिले आठ-दहा दिवस काळज्या वेळेआधीच घुसतात. तेव्हा पुन्हा टिपायचं, पुन्हा पुढे ढकलायचं. साधारण दोन आठवडे दिल्याशिवाय "मला नाही जमलं" असं ठरवू नका.

६. दिवसभर ठीक असतं. रात्री दिवा बंद केला की सगळं सुरू होतं. झोपेसाठी काय करू?

दिवसभर आवाज असतात, माणसं असतात, काम असतं. दिवा बंद झाल्यावर मनाला पहिल्यांदा मोकळं मैदान मिळतं, आणि उरलेली सगळी कामं तिथे जमा होतात. अर्धवट राहिलेलं काम पूर्ण झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झाइगार्निक यांनी १९२७ मध्येच मांडलं होतं.

म्हणून झोपायच्या आधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहा. मोघम लिहू नका. "बँकेचं बघायचं" याऐवजी "केवायसीचे झेरॉक्स पिशवीत ठेवणे" असं लिहा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. उद्याची कामं लिहिणारे, झालेल्या कामांची नोंद करणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपी गेले. यादी जितकी तपशिलात, तितकी झोप लवकर.

वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर कूस बदलत पडू नका. उठून बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी नीरस वाचा, झोप आली की परत या. नाहीतर शरीर शिकतं की अंथरूण ही विचार करायची जागा आहे. घड्याळ दिसणार नाही असं ठेवा. चहा-कॉफीतलं कॅफीन शरीरात निम्म्यावर यायला पाच-सहा तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सातचा कप रात्री बारालाही अंगात असतो. आणि पहाटे तीनला जाग आली, तर त्या वेळी कोणताही निर्णय घ्यायचा नाही, कुणालाही मेसेज टाइप करायचा नाही. तीन वाजता जे डोंगराएवढं दिसतं ते सकाळी नऊला बहुधा आपल्या मापाचं होतं.

७. श्वासाचे व्यायाम खरंच उपयोगी आहेत का?

हो, शरीर शांत करायला. नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं करा. लांब उच्छ्वासाने हृदयाचा वेग उतरतो आणि छातीतली धडधड कमी होते. ज्यांना मोजणं जमत नाही त्यांनी भ्रामरी करावी; गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो. जोरजोरात खोल श्वास मात्र घेऊ नका, त्याने चक्कर येते, हातापायांना मुंग्या येतात आणि घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. प्रश्न सुटायला मात्र प्रश्न ४ मधलं कामच करावं लागेल.

८. ध्यानाला बसलं की उलट विचार वाढतात. माझं काही चुकतंय का?

बहुतेक वेळा काहीच चुकत नाही. विचार वाढत नाहीत, ते पहिल्यांदाच दिसायला लागतात. झाडलेल्या खोलीत तिरीप आली की हवेतली धूळ दिसते, तसं. लक्ष गेलं, परत आणलं, हा परत आणण्याचा क्षण म्हणजेच ध्यान. तो दहा मिनिटांत पन्नास वेळा आला तर पन्नास वेळा व्यायाम झाला.

पण अपवाद आहेत, आणि ते कुणी मोकळेपणी सांगत नाही. काही जणांना डोळे मिटून शांत बसलं की अस्वस्थपणा खरोखरच वाढतो. जुन्या आघाताच्या आठवणी असणाऱ्यांना, पॅनिकचे झटके येणाऱ्यांना हे जास्त होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवून, चालताना, हाताने काम करताना सराव करावा. मेथी निवडणं घ्या. देठ मोडतानाचा बारीक आवाज, बोटांना लागणारा ओलसरपणा, पिवळं पान बाजूला, हिरवं परातीत. मन गेलं की पुढच्या काडीवर परत आणायचं. एक जुडी होईपर्यंत पंधरा मिनिटं जातात आणि हे ध्यानापेक्षा तसूभरही कमी नाही.

इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रात होतं तसं दहा दिवसांचं मौन शिबिर अनेकांना फार लाभतं. पण तीव्र नैराश्य, भास होणं, आधी मानसिक आजाराचे उपचार झालेले असणं, यातलं काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि नाव नोंदवताना काहीही लपवू नका.

९. नामस्मरण, पारायण, हरिपाठ यांनी मन शांत होतं असं आई म्हणते. बरोबर आहे का?

तुमची श्रद्धा असेल तर आईचं बरोबर आहे. संथ लय, ठरलेले शब्द, ठरलेली वेळ, आजूबाजूला चार माणसं, या सगळ्याने मनाला टेकायला जागा मिळते. एकच खूण सांभाळा. "आज एक माळ चुकली, आता घरात काही वाईट होणार" अशी भीती वाटून पुन्हा पुन्हा मोजावं लागत असेल, तर ती भक्ती राहिलेली नाही. प्रश्न १३ वाचा.

१०. मेसेज पाठवला, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. तासभर मी तेच बघत बसते. काय करू?

निळ्या खुणा एवढंच सांगतात की मेसेज उघडला गेला. "ती रागावली आहे" हे वाक्य तुमच्या मनाने लिहिलं आहे. कागदावर दोन रकाने करा: "काय दिसलं" आणि "मी काय जोडलं". पहिल्या रकान्यात बहुधा एकच ओळ भरते, दुसऱ्यात पान संपतं.

आणि एक सवय सोडा: तिसऱ्या मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवून "मी काही चुकीचं लिहिलं का गं?" विचारणं. "नाही गं, वेडी आहेस का" ऐकलं की दहा मिनिटं बरं वाटतं, मग चौथीला विचारावंसं वाटतं. दिलासा मागण्याची भूक दिलासा मिळून भागत नाही, वाढते. खरंच शंका असेल तर जिचा प्रश्न आहे तिलाच, एकदाच, सरळ विचारा. नसेल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

११. साधा निर्णयही होत नाही. मोबाइल घ्यायला तीन महिने लागतात. मोठ्या निर्णयांचं तर विचारूच नका.

निर्णय दोन ढिगांत वाटा. बदलता येणारे आणि न येणारे. कपडे, मोबाइल, सुट्टीचं ठिकाण, क्लासची वेळ हे पहिल्या ढिगात. त्यांना मुदत द्या, एक दिवस किंवा एक तास. नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९५०च्या दशकात मांडलं होतं की माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही, पुरेसं चांगलं मिळालं की थांबतो. अतिविचार करणाऱ्याला हे थांबणं शिकावं लागतं. आधी तीन अटी लिहा, त्या पुऱ्या करणारी पहिली वस्तू घ्या, आणि घेतल्यावर रिव्ह्यू बघणं बंद करा.

मोठा निर्णय वेगळा. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमधून मला दरवर्षी एकच प्रश्न येतो: "एमपीएससीचा अजून एक अटेम्प्ट द्यायचा का?" वय वाढतंय, गावाकडून पैसे येतायत, मित्र लागले. हा विचार उगाच नाही, आयुष्याचा आहे. पण तो रोज रात्री अंथरुणात करून सुटणार नाही. त्याला एक बैठक द्या: सकाळची वेळ, कागद, आणि पैसे पुरवणारं घरातलं एक माणूस समोर. किती महिने, किती रुपये, पूर्व परीक्षेत कुठवर पोचलो तर थांबायचं आणि थांबलो तर दुसऱ्या दिवशी काय, हे लिहून काढा. मग पुढच्या ठरलेल्या तारखेपर्यंत हा विषय पुन्हा उघडायचा नाही. मन उघडायला लावेल. तेव्हा कागद बघायचा. निम्मा त्रास निर्णयाचा नसतो, तोच निर्णय रोज नव्याने घेण्याचा असतो.

१२. पण माझी काळजी खरी आहे. कर्ज आहे, पाऊस नाही, वडिलांचं ऑपरेशन आहे. हाही अतिविचारच का?

नाही. आणि ज्यांनी तुम्हाला "सकारात्मक विचार कर" म्हणून परत पाठवलं, त्यांनी तुमच्यावर अन्याय केला. घराला आग लागली असताना धुराचा त्रास होतो म्हणून माणसाला श्वासाचा व्यायाम सांगत नाहीत.

इथे आधी परिस्थितीला हात घालावा लागतो. कर्जाचं असेल तर एका कागदावर कुणाचं, किती, कधीपर्यंत, एवढे तीन रकाने. डोक्यात कर्जाचा आकडा नेहमी धूसर असतो, आणि धूसर आकडा खऱ्यापेक्षा भयंकर वाटतो. हप्ता चुकल्यावर तोंड चुकवण्यापेक्षा चुकण्याआधी बँकेत जाऊन बोला, आणि घरातल्या एका तरी माणसाला खरा आकडा सांगा. ऑपरेशनचं असेल तर त्या रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे का ते विचारा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, कागद कोणते लागतील ते सांगणं हे त्यांचं कामच आहे. पेरणीचं असेल तर "शेजाऱ्याने पेरलं, मी मागे पडतोय" या घोरात निर्णय नको. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल येईपर्यंत थांबायचं, हा कृषी विभागाचा सल्ला दुबार पेरणीचा खर्च वाचवण्यासाठीच असतो. थांबणं हाही निर्णय आहे. तो घेतला की रोज रात्री पुन्हा घ्यावा लागत नाही.

हे सगळं केल्यावरही काळजी उरते. पाऊस आपल्या हातात नाही, ऑपरेशनचा निकालही नाही. त्या उरलेल्या काळजीसाठी प्रश्न ५ मधली वही आहे, आणि सोबत बसणारं माणूस आहे. एकट्याने वाहू नका, एवढंच मी कळकळीने सांगेन.

१३. गॅस बंद केला का हे दहा वेळा बघतो. कधी कधी मनात इतके घाणेरडे, भीषण विचार येतात की कुणाला सांगूही शकत नाही. मी वाईट आहे का?

नाही. नको असलेले हिंसक, लैंगिक किंवा देवाविषयी विटंबनेचे विचार जवळजवळ प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी चमकून जातात. बहुतेक जण ते झटकतात. काहींना मात्र त्यांचा इतका धसका बसतो की ते विचार चिकटतात. तुम्हाला त्याची किळस येते, भीती वाटते, यावरूनच कळतं की ती तुमची इच्छा नाही.

विचार चिकटणं आणि तो शमवायला तपासणं, धुणं, मोजणं, मनातल्या मनात माफी मागणं, असं चक्र रोजचा तासभर किंवा जास्त वेळ खात असेल तर तो मंत्रचळ, म्हणजे ओसीडी असू शकतो. इथे वरचे काही उपाय उलटे पडतात. प्रश्न १० मधले रकाने भरून खातरजमा करणं, कुणाला विचारणं, हीसुद्धा तपासण्याचीच नवी तऱ्हा होऊन बसते. यावर वेगळी उपचारपद्धत आहे: थेरपिस्टच्या मदतीने भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि तपासायची ऊर्मी आली तरी तपासायचं नाही. ती परिणामकारक आहे, पण एकट्याने पुस्तक वाचून करू नका.

बाळंतिणीच्या मनात "माझ्या हातून बाळाला काही होईल का" असा विचार येऊन ती हादरते, हेही पुष्कळदा घडतं आणि बायका ते वर्षानुवर्षं लपवतात. सांगा, उपचार आहेत. मात्र आवाज ऐकू येत असतील, बाळाला इजा करणं योग्यच आहे असं वाटू लागलं असेल, किंवा झोप नसतानाही अंगात विलक्षण उत्साह असेल, तर घरच्यांनी तिला एकटं न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं.

१४. डॉक्टरकडे कधी जायचं? आणि कुठे?

काळजी बहुतेक दिवस, सहा महिन्यांहून जास्त काळ, आवरता न येण्याइतकी असेल. दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, कशातच रस नसेल. झोप, भूक, काम यावर परिणाम झाला असेल. किंवा मन शांत करायला दारू लागत असेल, तर जा. आधी फॅमिली डॉक्टरांना दाखवून थायरॉइड तपासून घ्या. थायरॉइड वाढलं की धडधड, घाम, अस्वस्थपणा, झोप न लागणं हे सगळं अगदी काळजीसारखंच दिसतं.

मरणाचे विचार येत असतील तर वाट बघू नका. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ही सेवा सुरू केली. फोन मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. शेजारी कुणी असेल तर त्याला सांगा, "मला आत्ता एकटं सोडू नकोस."

जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांची ओपीडी असते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्य सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे दाखल न होता नुसतं तपासूनही येता येतं. गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे.

१५. गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत म्हणतात. खरं का?

दोन गोळ्यांची गल्लत होते. काळजी आणि नैराश्यासाठी दीर्घकाळ देतात त्या एसएसआरआय गटातल्या औषधांचं व्यसन लागत नाही; पण परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड असा त्रास होतो. म्हणून त्या डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करतात. झोपेसाठी किंवा तात्पुरत्या घबराटीसाठी देतात त्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय मात्र लागू शकते. त्या थोड्याच दिवसांसाठी असतात. शेजारच्या काकूंना लागू पडल्या म्हणून मेडिकलमधून आणू नका.

१६. आईला ही सवय आहे. भाऊ अमेरिकेत, त्याचा फोन आला नाही की ती रात्रभर बसून राहते. आम्ही काय बोलावं?

"काही होत नाही गं" शंभरदा म्हणून झालं असेल. ते आता पुरे. (कारण प्रश्न ३ आणि १० मध्ये आहे.) त्याऐवजी तिच्या शेजारी बसा आणि म्हणा, "फोन आला नाही म्हणून जीव लागत नाहीये ना तुझा?" एवढंच. काळजी कुणाला तरी दिसली, हे कळलं की तिला ती सिद्ध करत बसावी लागत नाही. मग विचारा, "नुसतं ऐकू, की काही सुचवू?"

भावाशीही बोला. रोजचा अनिश्चित फोन असण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी आलेला फोन तिला जास्त बरा. नोव्हेंबर आणि मार्चमध्ये तिकडची घड्याळं एक तास मागेपुढे होतात, हे तिला कॅलेंडरवर लिहून द्या. एका घरात "रोज आठला करणारा मुलगा नऊ वाजले तरी का करत नाही" हा घोर निव्वळ त्या एका तासाचा होता. आणि दुपारी एकटी असते तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेलं एखादं काम असू द्या. नातवाला शाळेच्या बसवरून आणणं, भजनी मंडळाचा हिशेब, काहीही.

१७. बराच फरक पडला आहे. पण आता "मी पुन्हा अतिविचार करतोय का?" याचाच विचार चालू असतो. हे काय आहे?

हे काळजीची काळजी करणं आहे, आणि सुधारणाऱ्या बऱ्याच जणांना या वळणावर ते भेटतं. मन आता स्वतःच्याच शांततेवर पहारा द्यायला लागलं आहे. प्रश्न ३ मधलं पांढरं अस्वल नाव बदलून आलं आहे. त्याच्याशीही तेच करायचं: "मी पुन्हा घसरतोय असा विचार मला येतोय", एवढं म्हणून हातातलं काम पुढे चालू ठेवायचं. मन शांत आहे का हे दिवसातून दहादा तपासणं थांबवा. हवं तर रविवारी एकदा वहीत एक ओळ लिहा: या आठवड्यात झोप कशी झाली, कुणाला भेटलो. परीक्षा, लग्नकार्य, घरातलं आजारपण आलं की दळण पुन्हा सुरू होईल. झालं की प्रश्न ५ मधली वही आणि साडेसहाची वेळ पुन्हा धरा. आठवड्याभराने गरज वाटली नाही तर वही कपाटात ठेवून द्या.